आकाश अंशतः ढगाळ

पहिला पोपडा माझ्या डोक्यावर पडला तेव्हा माझ्या तोंडाला साबण होता आणि डोळे मिटलेले होते. डिसेंबरची सकाळ, गिझरचं कढत पाणी, बाथरूमभर वाफ. झडपेला पुठ्ठा ठोकल्यापासून गार वाऱ्याची झुळूकही आत येत नव्हती. एकूण सुख चाललं होतं. अशा वेळी टाळूवर काहीतरी हलकं, गार आणि ओलसर येऊन अलगद बसलं. या वर्णनाची एकच वस्तू मला ठाऊक होती. मी किंचाळलो. बादली कलंडली, तांब्या दारावर आपटला आणि बाहेरून बायकोचा आवाज आला, "काय झालं?"

"पाल पडली!"

"कुठे?"

"डोक्यावर!"

"डावीकडे की उजवीकडे? नीट सांगा, पंचांगात बघायचंय."

नवऱ्याला लागलंय का, हा प्रश्न तिला सुचला नाही. आमच्या पंचांगात पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ, याचा तक्ता आहे, आणि दोष जावा म्हणून स्नान करावं असा उपायही आहे. उपाय तर आधीपासूनच चालू होता. डोळे धुऊन पाहिलं तर पाल नव्हती. पायाशी तळहाताएवढा रंगाचा पापुद्रा पडला होता. एका बाजूनं पांढरा, दुसऱ्या बाजूनं फिका हिरवा. पोपडा डोक्यावर पडल्याचं फळ पंचांगात दिलेलं नाही. ते मला पुढची दोन वर्षं हप्त्याहप्त्यानं मिळत गेलं.

मी वर पाहिलं. या घरात राहायला आल्यापासून बहुधा पहिल्यांदाच. बादली-तांब्याची अंघोळ ही खाली बघून करायची गोष्ट आहे. शॉवरवाले मान वर करतात, पण त्यांचे डोळे मिटलेले असतात. त्यामुळे बाथरूममध्ये आपल्या डोक्यावर काय चाललंय याची घरात कुणालाच खबर नसते. आमच्या डोक्यावर बरंच काही चाललं होतं. गिझरच्या बाजूला रंग पुरीसारखा टम्म फुगला होता. मधोमध पापुद्रे सुटून वटवाघळांसारखे उलटे लोंबत होते. आणि कोपऱ्यात, फोडणीतली मोहरी उडून छताला चिकटावी तसे बुरशीचे काळे ठिपके होते.

आमची इमारत कोथरूडची, १९८७ सालची, तीन मजली, लिफ्ट नसलेली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. मी सोसायटीचा खजिनदार आहे. हे पद मिळवावं लागत नाही. सर्वसाधारण सभेला उशिरा पोचलं की ते आपोआप चिकटतं. पण त्यानं एक सवय लागते. कुठलाही खर्च दिसला की तो कुणाचा, हे आधी बघायचं. आणि आपलाच निघाला तर किती कमीत भागेल, हे मग बघायचं. त्या हिशेबानं पहिली दुरुस्ती मी स्वतः केली.

एक लिटर पांढरा प्लॅस्टिक पेंट, दोन इंची ब्रश आणि स्वयंपाकघरातलं स्टूल. भिंत रंगवलेली असली म्हणजे छतही रंगवता येईल असं माणसाला वाटतं. पोहता येतं म्हणून विहिरीतून उलटं वर चढता येईल असं वाटण्यासारखंच ते आहे. ब्रश वर, हात वर, मान मोडेल इतकी मागे, आणि रंग मात्र दांड्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर आणि कोपरावरून काखेत असा ठरल्या मार्गानं उतरत येतो. दोन तासांत छताला एक हात बसला आणि मला दोन. संक्रांतीला छत पांढरंशुभ्र होतं. पाडव्याला पुऱ्या पुन्हा फुगल्या.

दुसऱ्या खेपेला ओळखीतला एक मुलगा आला. "काका, पीओपी मारून देतो, कायमचं काम." काम खरंच देखणं झालं. इतकं गुळगुळीत छत आमच्या दिवाणखान्यालाही नव्हतं. पाहुण्यांना मी बाथरूम दाखवू लागलो. गणपतीपर्यंत त्यावर बोट दाबलं तर खळगा पडायला लागला. दिवाळीत, अभ्यंगाच्या दिवशीच, चिरंजीवांच्या उटण्यात ते मिसळलं.

मग खरा रंगारी बोलावला. सोलापूरकडचे, साठीच्या पुढचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. मामा चपला काढून आत गेले, वर बघितलं आणि पुढारी गेल्यासारखा चेहरा केला.

"ह्ये प्लास्टर पॅरिस कुनी मारलं हितं?"

मी नाव सांगितलं नाही.

"साहेब, पीओपी म्हंजी बिस्कीट. चहात बुडवलं की गेलं. हॉलमदी चालतं. हितं न्हाई चालत."

नंतर मी वाचून पाहिलं तर मामांचं म्हणणं अगदी शास्त्रशुद्ध निघालं. जिप्समचा दगड दीडेकशे अंशांना भाजला की त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं आणि उरते ती ही भुकटी. पाणी मिळालं की ती पुन्हा दगड होते, पण पाण्याची ओढ काही सुटत नाही. ओल मिळेल तशी पीत राहते आणि मऊ पडते. अशी माणसंही असतात, पण त्यांना कुणी छताला लावत नाही.

मामा स्टुलावर चढले आणि पेचकसाच्या मुठीनं छत वाजवू लागले. माठ घेताना वाजवतात तसं, कान देऊन. बहुतेक ठिकाणी खणखणीत वाजलं. गिझरच्या बाजूला दोन ठिकाणी बद्द. बद्द वाजलं तिथलं प्लास्टर सुटलंय. "आतली सळई गंजली आसंल तर मग माज्या हातचं न्हाई," मामा म्हणाले. मला घाम फुटला. लोखंड गंजलं की फुगतं, मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं आणि भोवतालचं काँक्रीट फोडून ती घेतं, हे मला सोसायटीच्या कामांमुळे ठाऊक होतं. १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी करायची, आणि तिशी उलटली की तीन वर्षांतून एकदा, असा उपविधींचा नियम आहे. माणसांच्या साखरेसारखंच. आमच्या इमारतीची तिशी केव्हाच उलटली आहे आणि तपासणीचा विषय सभेत निघाला की खजिनदार चहा सांगायला उठतो.

मामांनी बद्द भाग थोडा उकरून पाहिला. सळई दिसली नाही. खाली उतरून हात झटकत म्हणाले, "ह्ये रंगाचं काम न्हाई. ह्ये पान्याचं काम हाय. पानी कुठनं येतंय त्ये बघा आदी, मग मला बोलवा." आणि एक पैसा न घेता गेले. पुण्यात हातचं काम सोडून जाणारा कारागीर भेटला की तो बरोबर असणार, हे मानून चालावं.

पाणी कुठून येतं यात बघण्यासारखं काय होतं? पाणी वरून येतं. वर काका राहतात.

काका वेधशाळेतून निवृत्त झालेले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला जुने पुणेकर अजून शिमला ऑफिस म्हणतात, कारण हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, नाव राहिलं. काकांना जिन्यात जो भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "काय काका, छत्री घेऊ का?" आणि काका वर्षानुवर्षं एकच उत्तर देतात, "मी उपकरणांत होतो. अंदाजात नव्हतो." ते मला नावानं हाक मारत नाहीत. 'खजिनदार' म्हणतात, त्यातल्या 'खजिना' या भागावर किंचित हसून.

मी त्यांना रीतसर पत्र दिलं. उपविधींत याची वाटणी स्वच्छ आहे. गच्चीतून पावसाचं पाणी झिरपलं आणि वरच्या मजल्याचं छत खराब झालं, तर खर्च सोसायटीचा. हा नियम कुणी केला कोण जाणे, त्याला खजिनदारकी करावी लागली नसावी. पण एका सदस्याच्या न्हाणीतलं पाणी दुसऱ्या सदस्याच्या डोक्यावर आलं, तर ते दोघांनी आपसांत निस्तरायचं. पत्रात मी हा दुसरा भागच तेवढा लिहिला.

काका भांडले नाहीत. हा त्यांचा दोष आहे. भांडायच्या तयारीनं गेलेल्या माणसाचा ते फार विरस करतात. म्हणाले, "तपासू या. मोजल्याशिवाय बोलू नये."

प्लंबर आला. त्यानं काकांच्या बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपमध्ये चिंध्यांचा बोळा कोंबला, उंबऱ्याच्या खाली दोन बोटं राहील इतकं पाणी भरलं आणि त्यात आमच्या चिरंजीवांचा गेल्या रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग कालवला. "अठ्ठेचाळीस तास ठेवा. खाली गुलाबी उतरलं तर गळती पक्की." मी बाथरूममध्ये खुर्ची टाकून बसलो. इतक्या एकाग्रतेनं मी आयुष्यात कधी देवाकडेही पाहिलं नाही.

मात्र एक गोष्ट आम्ही कुणीच लक्षात घेतली नव्हती. वरच्या बाथरूममध्ये तळं साचलेलं असताना काका-काकू अंघोळ कुठे करणार? "आमच्याकडे या की," बायको म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला काकू साबणाची डबी, पंचा आणि स्वतःचा तांब्या घेऊन दारात उभ्या. मागोमाग काका. घरी ते म्हणे गार पाण्यानं अंघोळ करतात. आमच्याकडे त्यांनी दोन बादल्या कढत पाणी घेतलं. आयतं मिळालं की निग्रह जरा सैल होतो, त्याचं मला काही नाही. वीजबिलाचं थोडं आहे.

सहा माणसांच्या अंघोळी झाल्या. छतावर थेंब धरले, मोठे झाले, एकेक करून टपकू लागले. मी धावलो. थेंब हातावर घेऊन उजेडात धरला. गुलाबी नव्हता. दुसरा घेतला, तिसरा घेतला. स्वच्छ, निर्मळ, कसलाही रंग नसलेलं पाणी. मी इतका निराश झालो की बायकोला वाटलं कुणाचा फोन आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका अंघोळ करून बाहेर आले. पंचा गुंडाळलेला, चष्म्यावर वाफ, आणि टकलावर बरोबर मध्यभागी, बेलाचं पान ठेवावं तसा, एक पोपडा.

"खजिनदार," ते म्हणाले, "तुमच्याकडे पाऊस पडतोय."

"तेच तर मी सांगतोय."

"वरून नाही पडत. इथलाच आहे."

ते तसेच वर गेले आणि एक लाकडी पट्टी घेऊन आले. तिच्यावर दोन तापमापक शेजारी शेजारी बसवलेले. एकाचा फुगा उघडा, दुसऱ्याच्या फुग्याला ओल्या मलमलीची वात, तिचं टोक पाण्याच्या कुपीत. निवृत्तीनंतर लोक पेटी शिकतात, काकांनी हे जपलं होतं. हवा कोरडी असली की ओल्या फुग्याचं पाणी झपाट्यानं उडतं आणि त्याचा पारा खाली राहतो. हवा वाफेनं भरली की पाणी उडायचं थांबतं आणि दोन्ही पारे एका रेषेत येतात. पट्टी बाथरूमच्या खुंटीला टांगली. मी अंघोळीला गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या अंघोळीची शास्त्रीय नोंद होत होती, म्हणून कानामागेही साबण लावला. बाहेर आलो तेव्हा दोन्ही पारे सख्ख्या भावांसारखे बरोबरीनं उभे होते.

काकांनी हिशेब मांडला. माझ्याच पत्राच्या पाठीमागे. तीस अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त तीसेक ग्रॅम वाफ मावते. वीस अंशांच्या हवेत सतराच. थंडीत छत गार असतं. त्याला टेकलेली हवा गार झाली की मधले तेरा ग्रॅम कुठे जाणार? चार फूट बाय सात फूट, उंची नऊ फूट, म्हणजे सात घनमीटर बाथरूम. सात तेरे एक्क्याण्णव.

"एक कप चहा," काका म्हणाले. "थोडा भिंतीवर, थोडा छतावर. दर अंघोळीमागे. चार माणसं, चार कप. तुम्ही माझ्या नावानं बोटं मोडत होतात, आणि स्लॅबला रोज चार वेळा चहा तुम्हीच पाजत होतात."

मी सहजी शरण जाणारा नाही. "पण काका, तुम्ही गार पाण्यानं अंघोळ करता. तुमच्या गार फरशीमुळेच आमचं छत गार पडतं."

"मध्ये फूटभर कोबा आहे, खजिनदार. माझं गार पाणी तुमच्यापर्यंत पोचायला पुढचा डिसेंबर उजाडेल. ही वाफ बाहेर कुठून जाते?"

"जाते की. तिथून." असं म्हणून मी बोट दाखवलं, आणि मग आम्ही दोघेही तिकडे बघत राहिलो.

तिथे पुठ्ठा होता. देवगड हापूस, पाच डझन, अशी अक्षरं असलेला.

त्याची हकीकत अशी. झडपेत पूर्वी पंखा होता. एका उन्हाळ्यात पारव्याच्या जोडीनं पंख्याच्या पात्यांत काड्या आणून टाकल्या, अंडी घातली, आणि बायकोनं बटणावर चिकटपट्टी लावून 'बंद ठेवणे' असं लिहिलं. पिल्लं उडाली. पुन्हा घोळ नको म्हणून मी पंखा काढून माळ्यावर टाकला आणि झडप आंब्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यानं बंद केली, चारी बाजूंनी खिळे, फटींना टेप. काम इतकं पक्कं झालं होतं की मला त्याचा अभिमान होता. चार वर्षांत एक पारवा आत आला नाही. एक ग्रॅम वाफ बाहेर गेली नाही.

आजोळच्या न्हाणीघराला छतच नव्हतं, वर उघडी कौलं होती. तांब्याच्या बंबाचा धूर आणि अंघोळीची वाफ दोन्ही त्यांच्या फटींतून निघून जायची. थंडीत अंगणातून पाहिलं की कोण अंघोळीला बसलंय ते कळायचं. तिथे पोपडे धरायला जागाच नव्हती. पोपडे ही पक्क्या घरांची मिरास आहे.

पुठ्ठा निघाला. नवा पंखा बसला, पारव्यांसाठी बाहेरून जाळी लागली. आणि मामा आले, तेव्हा कुठे आमच्या छताचा इतिहास उघडा पडायला लागला. मामांची खरवडायची पट्टी एकेक थर उतरवत गेली. आधी ते बिस्कीट. त्याच्या खाली मी काखेतून उरवलेला पांढरा. त्याच्या खाली फिका हिरवा डिस्टेंपर. तो चिरंजीवांच्या बारशाच्या वेळचा, हिनं दोन दुकानं फिरून निवडलेला. मग आकाशी, आमच्याआधीच्या मालकांचा. आणि सगळ्यात शेवटी, १९८७ सालचा, बिल्डरनं मारलेला चुना, त्यात निळीची छटा अजून शिल्लक. मामांनी त्यावरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं.

"पोळी पोळपाटाला चिकटू नये म्हनून काय लावता साहेब?"

"पीठ."

"मग ह्ये काय हाय?" त्यांनी बोट माझ्या नाकासमोर धरलं. "तुमच्या छताला पीठ लागलंय. त्याच्यावर रंग कसा धरंल?"

म्हणजे गेली कित्येक वर्षं घरातला प्रत्येक रंग पिठावर उभा होता. वाफेनं फक्त पोळी उलटली.

मामांनी चुन्यासकट सगळं खरवडून प्लास्टरपर्यंत नेलं, बद्द वाजणारं पाडून तिथे सिमेंट भरलं, काळ्या डागांवर ब्लीचिंग पावडरचं पाणी फिरवलं. "आता धा दिवस हात लावायचा न्हाई. सुकू द्या. अंगूळ बी न्हाई." पुढचं, म्हणजे व्हाइट सिमेंटची पुट्टी दोन हात, पॉलिश पेपर, प्रायमर, रंग, हे सगळं त्यांनी नंतर तीन दिवसांत उरकलं, आणि ते अजून जसंच्या तसं आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहिण्यासारखे ते दहा दिवस.

कारण आता अंघोळीला आम्हाला वर जायचं होतं.

काकांच्या बाथरूमच्या दारावर सुवाच्य अक्षरात सूचना होत्या. पंखा आधी लावणे. अंघोळीनंतर पंधरा मिनिटे चालू ठेवणे. फरशी वायपरने कोरडी करणे. आमच्या चिरंजीवांनी त्याखाली पेन्सिलीनं 'आकाश निरभ्र राहील' असं लिहिलं आणि काकूंना ते इतकं आवडलं की त्यांनी पुसू दिलं नाही. मी पंचा खांद्यावर टाकून, पत्र दिलेल्या घरी पत्र दिलेला माणूस जसा जाईल तसा, खाली मान घालून गेलो. कुणी काही बोललं नाही. काकूंनी पाणी काढून ठेवलं होतं.

आणि मी वर पाहिलं. आता ती सवयच लागली होती.

छत पांढरं, स्वच्छ, सपाट. फक्त गच्चीचा पाइप उतरतो त्या कोपऱ्यात एक पिवळसर कडं होतं, पुरणपोळीच्या कडेसारखं. कड्याच्या आत रंग जरासा उचललेला. एका पापुद्र्याची कड सुटून खाली वळू लागली होती. काकांच्या वर कुणी राहत नाही. काकांच्या वर गच्ची आहे. मी मनातल्या मनात गच्चीची लांबी-रुंदी गुणली, वॉटरप्रूफिंगचा दर धरला, सोसायटीच्या बचत खात्यातली शिल्लक आठवली आणि उपविधींमधलं ते पहिलं वाक्य आठवलं, जे मी पत्रात लिहिलं नव्हतं.

बाहेरून काकांचा आवाज आला, "खजिनदार, कोपऱ्यात वर काही दिसतंय का हो? गेल्या पावसाळ्यापासून म्हणतोय, तुम्हाला एकदा दाखवावं."

डोक्यावर पंखा घरघरत होता. मी तोंडाला साबण लावला आणि डोळे मिटले.

"वाफ असेल, काका," मी म्हणालो. "पंखा लावत जा जरा."